दोन बोटं सरकलेला ठिपका

१

सकाळी साडेदहाला शिवणमावशींच्या उजव्या फासळीवर एक ठिपका उगवला आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

मी इस्पितळाच्या तळमजल्यावर फोटो काढतो. 'जरा हसा' म्हणून काढायचे फोटो नव्हेत. पेशंटला किरणं सोडणारं औषध देतात, ते अंगात जिथे साठतं तिथून किरणं बाहेर येतात आणि कॅमेरा ती टिपतो. म्हणजे आमच्याकडे उजेड पेशंट पाडतो, कॅमेरा नुसता बघत बसतो. हे वाक्य माझं स्वतःचं आहे आणि मी ते प्रत्येक नव्या माणसाला ऐकवतो.

शिवणमावशींनाही ऐकवलं होतं. बाजारपेठेत त्यांचं शिवणाचं दुकान आहे. चाळीस वर्षं मशीन चालवून पाठीला किंचित बाक आलेला, अंगाने काटकुळ्या, पण नजर अशी की कुणाचीही उसवलेली शिवण दहा पावलांवरून हेरतील. त्यांच्या गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी गाठीसकट काढून टाकली होती. मागे राहिलेल्या चुकार पेशींसाठी किरणांच्या आयोडीनची कॅप्सूल दिली, तीन दिवस वेगळ्या खोलीत ठेवलं आणि मग घरी सोडलं. आज सहावा दिवस. गाठीची पिल्लं अंगात जिथे लपली असतील तिथे हे आयोडीन जाऊन बसतं, म्हणून आज डोक्यापासून पायापर्यंत फोटो. गळा थोडा उजळतो, पोट उजळतं, मूत्राशय उजळतं, हे ठरलेलंच. फासळी उजळली तर मात्र रोग हाडात पोचला असं समजतात.

मावशींची एकुलती एक लेक तीन आठवड्यांत बाळंत होणार होती. अंगात किरणं असलेल्या माणसाने गर्भारशीपासून आणि तान्ह्या बाळापासून लांब राहायचं असतं, म्हणून मावशी लेकीचं घर सोडून दुकानाच्या माडीवर एकट्या झोपत होत्या. सकाळी आल्या आल्या त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता, "बाळ आलं की मला घेता येईल ना हो?"

"फोटो स्वच्छ आला की खुशाल घ्या," मी म्हणालो. माझी जीभ नको तिथे उदार आहे.

आता ठिपका खरा ठरला, तर दुसरा आणि मोठा डोस, पुन्हा ती खोली, पुन्हा महिनाभर लांब राहणं. शिवाय हाडातला रोग म्हणजे काय, हे मावशींना कुणी सांगायची गरज नव्हती.

मी काही कालचा पोर नाही. गेल्या वर्षी एका गृहस्थांच्या मांडीत गाठ दिसली होती, ती निघाली खिशातला रुमाल. हे आयोडीन थुंकीत उतरतं, घामात उतरतं, आणि लागलं कापडाला की कापड उजळतं. म्हणून मी लगेच रिकाम्या टेबलाचा फोटो घेतला. टेबल स्वच्छ. मावशींना हात धुवायला लावले, अंग पुसायला लावलं, नवा गाऊन दिला आणि पुन्हा फोटो काढला. ठिपका होताच.

मोठे डॉक्टर आले. ज्ञानाने मोठे आणि घेराने त्याहून मोठे. त्यांनी पडदा पाहिला, चष्मा वर केला, पुन्हा पाहिला. बाजूने काढलेला फोटोही पाहिला. ठिपका छातीच्या अगदी कडेला होता, पण बाईंच्या अंगावर मांस ते किती? फासळी कातडीला चिकटलेली. जोडीचं सीटी मशीन असतं तर दूध का दूध झालं असतं, पण ते चार दिवस बंद होतं आणि दुरुस्तीवाला येतो येतो म्हणत होता.

"चार वाजता बैठक आहे," डॉक्टर उदास होऊन म्हणाले. "सर्जन, किरणवाले, सगळे येणार. मला काहीतरी लिहावंच लागेल. घ्या, उजव्या बाजूची सहावी फासळी..."

"डॉक्टर," दारातून आवाज आला, "तुमच्या पाहण्यात एखादी फासळी दोन बोटं सरकलीय का हो?"

२

दारात टकटकबाई उभ्या होत्या, नजर पडद्यावरच्या दोन्ही फोटोंवर.

इस्पितळात किरणं कुठे सांडली, कुठे गळली, कुणाच्या अंगाला लागली, हे शोधणं हे त्यांचं काम. हातात सदैव काउंटर. किरणं भेटली की तो टकटक करतो, म्हणून हे नाव. तोंडावर आम्ही त्यांना मॅडम म्हणतो. साठीला आलेल्या, उंच, आवाज शाळेच्या मुख्याध्यापिकेचा. त्यांच्या पांढऱ्या कोटाचा डावा खिसा काउंटरच्या वजनाने फाटून सहा महिने लोंबत होता आणि त्या रोज म्हणायच्या, उद्या शिवते.

"काय सरकलं?" डॉक्टरांनी विचारलं.

त्यांनी माझ्या टेबलावरची पट्टी उचलली आणि पडद्याला लावली. पहिल्या फोटोत गळ्यातल्या उजेडापासून ठिपक्यापर्यंतचं अंतर मोजलं. मग दुसऱ्या फोटोत. दुसऱ्यात ठिपका दोन बोटं खाली होता.

"बाई वाकड्या झोपल्या असतील," मी म्हणालो.

"मग पोट, मूत्राशय, सगळंच सरकलं असतं. ते जागच्या जागी आहेत. हात दोन्ही वेळेला कुठे होते?"

"दोन्ही वेळेला अंगालगत."

"श्वास?" डॉक्टर म्हणाले.

"वीस मिनिटांचा फोटो आहे. दोन्ही वेळेला बाई तेवढाच श्वास घेत होत्या." त्यांनी पट्टी खाली ठेवली. "बरं, रक्त काय म्हणतं?"

डॉक्टरांनी कागद उलटले. या जातीची गाठ अंगात कुठे शिल्लक असली तर रक्तात तिची खूण सापडते. मावशींच्या रक्तात खूण जवळजवळ नव्हतीच.

"रक्त म्हणतं चोर घरात नाही. फोटो म्हणतो चोर फासळीवर बसलाय, आणि वर जागाही बदलतो," टकटकबाई म्हणाल्या.

"रक्त कधीकधी फसवतं, मॅडम."

"फोटोही फसवतो."

"अहो, पण मी गाऊन बदललाय! अंग पुसलंय!" मला राहवेना. माझ्या कामावरच शिंतोडे उडत होते.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "फोटोवाले, बाईंनी गाऊन बदलला तेव्हा तुम्ही कुठे बघत होता?"

"भिंतीकडे," मी म्हणालो. "सिस्टर चहाला गेल्या होत्या. परक्या बाईमाणसाकडे मी कसा बघणार?"

"आणि आतले कपडे?"

ते मी बदलायला सांगितलेच नव्हते. धातू नसेल तर बायकांना आतली पातळ बंडी अंगावर राहू द्यायची, ही माझीच सवलत. लाजऱ्या बायका त्यासाठी मला दुवा देतात.

"चला, सोपं झालं," डॉक्टर उठले. "सिस्टरना बोलवा, बंडी काढायला लावा, फोटो घ्या. संपलं."

"नाही संपलं," टकटकबाई त्यांच्या आडव्या आल्या. "बंडीवर नुसता घामाचा डाग असेल तर मी माफी मागेन. पण मला वाटतं, मावशींनी काहीतरी लपवलंय. झडती घेऊन ते सापडेल, पण बाई आपल्याशी पुन्हा कधी खरं बोलणार नाहीत. अजून पाच वर्षं त्यांना तपासायला इथेच यायचंय. मला साडेतीनपर्यंत वेळ द्या."

"आणि साडेतीनला काही हाती लागलं नाही तर?"

"तर झडती," त्या म्हणाल्या. "आणि तुमची माफीही मागेन."

३

वेगळी खोली दुसऱ्या मजल्याच्या टोकाला आहे. तिथल्या सिस्टर गोल चेहऱ्याच्या, हसऱ्या आणि बोलण्यात कुणाला हार न जाणाऱ्या.

"शिवणमावशी? सोन्यासारखी बाई हो! तीन दिवस हूं की चूं नाही. नाहीतर बाकीचे पेशंट दर तासाला बेल वाजवतात, कंटाळा आला म्हणून."

"त्यांना कंटाळा आला नाही?" टकटकबाईंनी विचारलं.

"मुळीच नाही. सारख्या खिडकीशी बसलेल्या. मी काचेतून बघायची तर पाठमोऱ्याच."

"आत जाताना काय काय नेलं होतं?"

"नियमाप्रमाणे. कंगवा, दात घासायचा ब्रश, नखं कापायची छोटी कात्री. तुम्हीच तर कागद वाचून दाखवला होता, मॅडम. 'आत गेलेली वस्तू बाहेर येणार नाही, आढळल्यास जप्त होईल.' केवढ्या मोठ्याने! मीच दचकले."

टकटकबाईंनी फाटका खिसा चाचपला.

"आणि सोडताना काउंटर लावलात?"

"लावला ना. पण मॅडम, बाई स्वतःच एवढ्या वाजत होत्या! ढोल वाजत असताना टिचकी कुणाला ऐकू येणार?"

मी हसलो, पण टकटकबाई हसल्या नाहीत. "खोली कशी सोडली?"

"होती त्याहून बरी! म्हणजे बघा, उशीची खोळ कोपऱ्याला फाटली होती, ती नीट शिवून ठेवलेली."

सिस्टर पुढे आणखी काही बोलणार होत्या, पण टकटकबाईंनी हात वर केला.

"शिवून? कशाने, सिस्टर?"

सिस्टरनी कपाळावर हात मारला. गेल्या तीन दिवसांत हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

किरणं लागलेल्या कपड्यांची आमच्याकडे एक कोठडी आहे. जाड दार, आत फळ्यांवर पिशव्या, प्रत्येकीवर तारीख. कपडे तिथे पडून राहतात, किरणं आपोआप विझत जातात, मग ते धुवायला जातात. टकटकबाईंनी हातमोजे चढवून मावशींच्या तारखेची पिशवी काढली आणि उशीची खोळ टेबलावर पसरली. कोपऱ्यात बारीक, सरळ, मशीनला लाजवतील असे टाके होते.

त्यांनी काउंटर शिवणीवरून अगदी हळू फिरवला. टक. टक. टक. मग एकदम टकटकटकटक. पुढे पुन्हा टक, टक. वीतभर अंतरावर पुन्हा टकटकटकटक.

"ऐकलंत? सगळी शिवण सारखी वाजत नाही," त्या म्हणाल्या. "जिथे जिथे नवा दोरा सुरू होतो तिथेच वाजते."

"म्हणजे?"

"म्हणजे दोऱ्याचं टोक." यापुढे त्यांनी मला काही सांगितलं नाही. पिशवीच्या तळाशी हात घातला आणि खोलीतल्या कचऱ्याची पुडी उलटी केली. त्यात कापडाच्या कातरणी होत्या. नखाएवढ्या, पिवळ्या, मऊ सुती. इस्पितळात पिवळं कापड कुठेच नाही.

सगळ्या कातरणी एका बाजूने गोल कापलेल्या होत्या.

४

बाहेरच्या बाकावर मावशींचे जावई बसले होते. अंगाने आडदांड, पण चेहऱ्यावरून आता रडतील की मग एवढाच प्रश्न. मांडीवर एक पिशवी घट्ट धरलेली. माझा संशय लगेच त्या पिशवीवर गेला. एवढी घट्ट का धरावी?

"पिशवीत काय आहे?" मी दरडावून विचारलं.

"डबा," ते दचकून म्हणाले. "सासूबाईंचा. रोज दुकानावर नेऊन देतो. आज इथे आणला. ठिपका आलाय म्हणाले आतून. खरं आहे का हो?"

माझी मलाच लाज वाटली. टकटकबाई त्यांच्या शेजारी बसल्या.

"अजून ठरलं नाही. रोज तुम्हीच जाता दुकानावर?"

"हो. बायकोला पाठवत नाही, तिला मनाई आहे ना. डबा ठेवतो, गिऱ्हाइकांचे तयार कपडे उचलतो, घरी आणतो. गिऱ्हाइकं ते घरून घेऊन जातात. सासूबाई म्हणतात कपड्यांना मी हातसुद्धा लावलेला नाही, सगळे कॅप्सूलच्या आधीचे. फार सांभाळतात हो. माझ्याशीसुद्धा दहा पावलांवरून बोलतात."

"बाळाची तयारी झाली?"

जावयांचा चेहरा पहिल्यांदाच उजळला. "सासूबाई शिवणारीण म्हटल्यावर काय विचारता! झबली, लंगोट, दुपटी, कपाट भरलंय. फक्त टोपडं राहिलं होतं. खोलीत जायच्या आदल्या दिवशी नुसती घालमेल चालली होती त्यांची. 'नातवाच्या डोक्यावर पहिलं टोपडं माझ्या हातचंच पाहिजे, आणि मलाच नेमकं कोंडून घालतायत.' मी म्हटलं, विकत आणू. तर तीन तास बोलल्या नाहीत माझ्याशी."

"आणि परत आल्यावर? टोपडं शिवलं?"

जावई विचारात पडले. "नाही... आता तुम्ही म्हणताय तर, परत आल्यापासून तो विषयच काढला नाही त्यांनी. मला वाटलं विसरल्या."

टकटकबाई उठल्या. घड्याळात अडीच वाजून गेले होते.

"चाळीस वर्षं शिवणारी बाई नातवाचं टोपडं विसरेल, फोटोवाले?"

"मग सरळ विचारू या."

"सरळ विचारलं तर त्या नाही म्हणतील. मी कागद वाचून दाखवला तेव्हा त्यांचा चेहरा पाहिला असता तर तुम्हाला कळलं असतं," त्या म्हणाल्या आणि चालता चालता अंगातला कोट काढला. "मला एक दोऱ्याचं रीळ आणून द्या. सुई आणू नका."

५

मावशी छोट्या खोलीत आपले कपडे घालून बसल्या होत्या. मी रीळ आणलं, टकटकबाईंनी कोट खुर्चीच्या पाठीवर टाकला, फाटका खिसा बरोबर मावशींच्या नजरेसमोर. मग त्या सावकाश समोर बसल्या आणि हवापाण्याच्या गप्पा मारू लागल्या. माझ्या मनात आलं, तीन वाजायला आले आणि ह्या बाई पावसापाण्यावर बोलतायत!

पण मावशींचं लक्ष गप्पांत नव्हतंच. दर मिनिटाला नजर त्या खिशाकडे. उजवा हात मात्र छातीवर, बरोबर त्याच फासळीवर ठेवलेला.

शेवटी त्यांना राहवलं नाही. "बाई, रागावू नका, पण हा खिसा कधीपासून असा आहे?"

"सहा महिने झाले."

"अगं बाई! सहा महिने अशाच हिंडता? लोक काय म्हणत असतील?"

"मला येत नाही हो मावशी. घरातल्यांनीही हात टेकले. हा दोरा तेवढा आणलाय, पण सुई कुठली मिळायला?"

मावशींनी निमिषभरही विचार केला नाही. डाव्या हाताने कॉलरच्या दुमडीतून सुई काढली, उजव्याने रिळाचा दोरा तोडला, टोक जिभेवर फिरवलं, ओठांत दाबून टोकदार केलं आणि सुईत ओवलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत.

"थांबा," टकटकबाई मऊपणे म्हणाल्या आणि ओवलेली सुई त्यांच्या हातातून घेतली.

मावशींजवळ काउंटर लावण्यात अर्थ नव्हता, त्या स्वतःच वाजत होत्या. आम्ही दोघं पलीकडच्या खोलीत गेलो, शिशाचं दार लावलं. दोऱ्याच्या मधल्या भागावर काउंटर धरला. शांत. टोकावर धरला. टकटकटकटक.

परत आलो तेव्हा मावशींचा चेहरा पांढरा पडला होता. त्या हुशार होत्या, त्यांना सगळं कळलं होतं.

"मावशी," टकटकबाई म्हणाल्या, "सुई त्या खोलीत तुमच्या कॉलरमधून गेली. पिवळं कापड आणि दोराही असाच कुठेतरी लपून गेला. नखं कापायच्या कात्रीने तुम्ही ते गोल कातरलंत. त्यातून वेळ उरला म्हणून आमची उशीची खोळही शिवलीत, कारण फाटकं बघून तुम्हाला चैन पडत नाही. प्रत्येक नवा दोरा जिभेवरून गेला, आणि तुमच्या थुंकीत तेव्हा आमचं औषध होतं. आता सांगा, टोपडं कुठे आहे?"

मावशींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्या भिंतीकडे वळल्या, बंडीच्या आत हात घातला आणि एक चिमुकलं पिवळं टोपडं काढलं. बंडीला आतून चोरखिसा होता. शिवणारीण म्हटल्यावर चोरखिसा असणारच, हे मला सकाळीच सुचायला हवं होतं.

"जाळू नका हो," त्या म्हणाल्या. "मला काय करायची ती शिक्षा करा."

"जवळ का ठेवलंत?"

"मग कुठे ठेवू? दुकानात ठेवलं तर जावईबापू कपड्यांबरोबर घरी नेतील, लेकीच्या हाती लागेल. तुम्ही सांगितलं होतंत, त्या खोलीतल्या वस्तू तिच्याजवळ जाता कामा नयेत. टाकून द्यायला जीव होईना. म्हटलं, माझ्या अंगात ते औषध आहेच, तर हेही माझ्याच अंगावर राहू दे. दुसऱ्या कुणाला नको."

"गाऊन बदलताना?"

"बंडी काढून अंग पुसलं आणि पुन्हा तीच घातली. घाईत जरा सैल बसली."

दोन बोटं सैल. मी खाली मान घातली.

"आणि आम्ही ठिपका ठिपका करत होतो तेव्हा तुम्हाला वाटलं नाही, हे त्याचंच असेल?"

मावशी गोंधळल्या. "त्याचं? एवढंसं कापड फोटोत दिसतं? मला वाटलं, तुमचा फोटो फक्त आतलं बघतो. मी तर मनाशी धरून चालले होते, की आता माझं काही खरं नाही. बाळाला एकदा दुरून दाखवा, एवढं सांगणार होते."

माझंच ते वाक्य, उजेड पेशंट पाडतो. त्यात कापडाचा उल्लेखच नव्हता. टकटकबाई उठल्या, मावशींच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "दुरून कशाला? चला, आधी फोटो काढू."

६

तीन वाजून दहा मिनिटांनी तिसरा फोटो सुरू झाला. या वेळेला सिस्टर हजर होत्या, बंडी पलीकडच्या खोलीत होती आणि मावशी टेबलावर येईपर्यंत मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो, पण ते आता सवयीने.

पडद्यावर एकेक ओळ उमटत गेली. गळा, थोडासा. मग छाती. मोठे डॉक्टर माझ्या खांद्यावरून वाकले होते आणि त्यांचा श्वास माझ्या कानात जात होता. फासळ्यांची ओळ आली आणि गेली. कोरी करकरीत. डॉक्टरांनी माझ्या पाठीत एवढा जोरात धपाटा मारला की माझा चष्मा की-बोर्डवर पडला.

मग टकटकबाईंच्या सांगण्यावरून रिकाम्या टेबलावर एकटं टोपडं ठेवून फोटो काढला. शर्टाच्या बटणाएवढा ठिपका आला, तोच. शेंड्याशी जिथे सगळे दोरे एकत्र येऊन गाठी पडतात, तो भाग पेटल्यासारखा दिसत होता. तो फोटो आजही माझ्या टेबलासमोर लावलेला आहे. नवा माणूस आला की मी आता माझं वाक्य ऐकवत नाही, तो फोटो दाखवतो.

चारच्या बैठकीला डॉक्टरांचा कागद गेला. फासळीवर काही नाही, आधीचा ठिपका अंगावरच्या बाह्य वस्तूचा, दुसऱ्या डोसची गरज नाही. ती वस्तू कोणती, असं सर्जननी विचारलं तेव्हा डॉक्टरांनी दोन्ही हातांनी डोक्यावर टोपडं बांधून दाखवलं म्हणतात. मी तिथे नव्हतो, पण डॉक्टरांना मी ओळखतो.

जावईबापूंनी बातमी ऐकली आणि मग मात्र ते रडले. डबा उघडून आम्हा सगळ्यांना त्यातला घास घ्यायला लावला.

टोपडं जाळलं नाही. टकटकबाईंनी मावशींना कागदावर लिहून समजावलं, हे आयोडीन दर आठ दिवसांनी निम्मं होतं. आठ दिवसांनी निम्मं, सोळा दिवसांनी पाव. दहा वेळा निम्मं झालं की उरलं न उरल्यासारखं. ऐंशी दिवस शिशाच्या कप्प्यात ठेवायचं. मावशींनी बोटांवर हिशेब केला. "तोवर बाळ दोन महिन्यांचं होईल," त्या हळूच म्हणाल्या.

"तोवर झबली घाला," टकटकबाई म्हणाल्या.

निघताना मावशी दारातून परत फिरल्या. "बाई, तो खिसा राहिला." आणि कुणी नको म्हणायच्या आत त्यांनी तो तिथेच बसून शिवला, दोरा चारदा जिभेवर फिरवून. टकटकबाई बघत बसल्या, एका शब्दाने अडवलं नाही. मग निमूटपणे कोट काउंटरखाली धरला, तो वाजला, आणि कोटही ऐंशी दिवसांसाठी टोपड्याशेजारी कप्प्यात गेला. अडीच महिने मुख्याध्यापिका बिनकोटाच्या हिंडल्या.

त्याच आठवड्यात त्या वेगळ्या खोलीच्या दारावरचा नियमांचा कागद बदलला. जप्तीची ओळ गेली. तिथे आता लिहिलंय, 'शिवण, विणकाम किंवा मनाला लागलेलं कुठलंही काम असेल तर आधी आम्हाला सांगा. आम्ही ते सांभाळून ठेवू आणि परत देऊ.' खाली सही टकटकबाईंची.

बाळ वेळेवर आलं, मुलगा. मावशींनी त्याला पहिल्या दिवसापासून मांडीवर घेतलं, कारण तोवर त्यांच्या अंगातलं औषध विझून गेलं होतं आणि टकटकबाईंनी स्वतः दुकानावर जाऊन तसं मोजून सांगितलं होतं.

ऐंशीव्या दिवशी सगळं कुटुंब तळमजल्यावर आलं. बाळ गुटगुटीत, डोकं चांगलं गरगरीत. टकटकबाईंनी कप्पा उघडला, आपला कोट तपासून अंगात चढवला, टोपडं टेबलावर ठेवलं आणि काउंटर लावला. बराच वेळ काही नाही. मग एक टक. मावशींनी धसकून पाहिलं.

"हा टोपड्याचा नाही," टकटकबाई म्हणाल्या. "असा एखादा टक भिंतीतून येतो, जमिनीतून येतो. तो सगळीकडे असतो."

लेकीने टोपडं हातात घेतलं आणि तिचा चेहरा पडला. "आई, आता कसं होणार गं हे? केवढं झालंय डोकं त्याचं."

"चाळीस वर्षं काय झक मारली का मी?" मावशी म्हणाल्या. "वाढत्या अंगाचं शिवलंय."

त्यांनी ते बाळाच्या डोक्यावर चढवलं. कानांपर्यंत बरोबर बसलं, जणू आज माप घेऊन शिवलं होतं. हनुवटीखाली नाडी बांधायला घेतली, तर बाळाने ती मुठीत पकडली आणि सरळ तोंडात घातली.

लेक किंचाळली. जावई पुढे धावले. मावशींचा हात हवेत राहिला. आम्ही सगळ्यांनी टकटकबाईंकडे पाहिलं.

त्यांनी काउंटर बंद केला आणि कोटाच्या शिवलेल्या खिशात टाकला. खिसा वजनाने जरासुद्धा लोंबला नाही.

"चोखू द्या," त्या म्हणाल्या. "मी मोजलंय."